अंगावरचा टाका

१० नोव्हेंबर, सोमवार
आसेगाव

आले एकदाची. अमरावतीच्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीच्या हातात ठेवली आणि बस बदलत मंगरूळपीरला उतरले, तर गणेश भाजीची गाडी घेऊन स्टँडवर हजर. माझी लोखंडी पेटी उचलताना कंबरेतून वाकला आणि म्हणाला, "आई, तू राहाले आली का दुकान टाकाले?" पेटीत माझ्या साड्या वरच्या थरात, तेवढ्याच. खाली सगळी जुनी लुगडी, धोतरं, विटलेली झंपरं, परकर. माझ्या आईची, सासूची, माझी. गणेशला वाटतं मी गुडघ्यांसाठी आले. मी आले आहे या चिंध्यांसाठी.

घर छान आहे. रस्त्याच्या कडेला स्लॅबच्या तीन खोल्या, पुढं ओटा, मागं विहीर, विहिरीपासून कुंपणापर्यंत मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी. सून मंजुषा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. हात पुसून पाया पडली आणि लगेच पुन्हा जुडीला लागली. मला हे आवडलं. कामाचा हात पाहुण्यासाठी थांबू नये.

नातवंडं संध्याकाळी आली. तनुजा नववीत, हर्षल सहावीत. तनुजा कबड्डी खेळते. गुडघे फुटलेले, आवाज फाटका, आणि हसते ती घोडं फुरफुरावं तशी. मला पोलिसात जायचं आहे, असं तिनं ओळख करून दिल्यासारखं सांगितलं. मग गावच्या तलाठ्याची नक्कल करून दाखवली. मी त्या तलाठ्याला पाहिलेलं नाही, पण आता रस्त्यात भेटला तर ओळखेन.

चाळीस वर्षं मी बोलत आले. शाळेत मराठी शिकवलं, आणि रविवार-सुट्ट्यांना विदर्भातल्या गावागावांत बायकांच्या मजुरीवर, बुवाबाजीवर, हुंड्यावर बोलले. माझ्या भाषणानं भगत गाव सोडून गेल्याचं लोक अजून सांगतात. पण एक काम राहिलं. आईनं वाशीमकडच्या मालेगावजवळच्या आमच्या खेड्यात मला गोधडी शिवायला शिकवलं, ते मी पुढं कुणालाच दिलं नाही. मुलाला दिलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडे वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे. या हिवाळ्यात दोघा नातवंडांनी आपापली गोधडी शिवायची. ज्या समाजाच्या हातातून सुई जाते, त्याच्या हातात फक्त पाकीट उरतं.

आज झोप छान लागेल.

१२ नोव्हेंबर

पहिला धडा. ओट्यावर सतरंजी टाकली, जुनं लुगडं पसरलं, वर तुकडे मांडले. गोधडी कशी असते ते सांगितलं. कडेपासून सुरुवात करायची, धाव टाका घालत चौकोनात चौकोन आत यायचं आणि मधोमध संपवायचं. टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, कारण गोधडीला उलटी बाजू नसते. माणसालाही नसावी, असं मी म्हटलं. हर्षल म्हणाला, मी जाऊ का आता.

सुई टोचताच तो पळाला. तनुजा बसून राहिली, पण एका हातात मोबाईल. मी मोबाईल मागितला तर तिनं तो मांडीखाली ठेवला आणि त्यावरच बसली.

दोघं ज्यात झोपतात ते ब्लँकेट पाहिलं. वाघाचं चित्र आहे, बाजारातून आणलेलं. हिवाळाभर माझी नातवंडं वाघाच्या तोंडात झोपतात आणि माझ्या आईची लुगडी पेटीत पडून आहेत.

१५ नोव्हेंबर

काही होत नाही. तनुजाचे टाके म्हशीनं चिखलात पाय टाकावेत तसे. एक मोठा, एक बारका, तिसरा भलतीकडे. मी उसवायला लावते. ती उसवते, पुन्हा तसेच घालते. गाठ मारता येत नाही, सुईत दोरा ओवताना तो थुंकीनं भिजवून लगदा करते. हर्षल तर मला बघितलं की विहिरीकडं जातो.

आज मी चिडून बोलले. बराच वेळ बोलले. हातांच्या विद्येबद्दल, गिरणीबद्दल, विकत घेण्याच्या गुलामीबद्दल. शेजारच्या सीताबाई कुंपणापाशी येऊन ऐकत उभ्या राहिल्या आणि शेवटी मान डोलावून गेल्या. तनुजानं जांभई दिली. म्हणाली, "आजी, तू शिकवत नाई वं. तू भाषन देतं."

मंजुषानं तिला दटावलं. पण मला ते लागलं. कारण खरं आहे. मला एवढंच येतं. आई माझ्याशी न बोलता शिकवायची, नुसता हात धरून. मला हात धरला की बोलावंसं वाटतं.

१८ नोव्हेंबर

आज निदान हसायला मिळालं.

बचत गटाच्या बैठकीला निघाले होते. वांग्यांकडून येताना कुंपणाच्या तारेत साडी अडकली आणि खांद्याजवळ टर्रकन फाटली. बदलायला वेळ नव्हता. तनुजाला म्हटलं, चल, दाखव काय शिकलीस, रफू कर. ती पाटावर चढून माझ्या खांद्याशी उभी राहिली. मंजुषा मेथीच्या ढिगामागून म्हणाली, "आई, दातात दोरा धरा. पोट्टी आंगावर शिवून राह्यली."

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. अंगावरचं कापड अंगावरच शिवायचं झालं, तर ते ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातात दोरा धरायचा आणि तोंड मिटून बसायचं. नाहीतर माणसाचं काहीतरी टाक्याबरोबर ओवलं जातं आणि शिवणाऱ्याकडे जातं, असं म्हणतात. मी हा प्रकार व्यासपीठावर किती वेळा मोडून दाखवला आहे. समोरच्या बायकांतली एखादी वर बोलवायची, अंगातल्या झंपराला बटण लावून घ्यायचं आणि तेवढा वेळ मुद्दाम बोलत राहायचं. बायका हसायच्या. माझं काही गेलं नाही, बटण मात्र मिळालं.

तेच आज केलं. दोरा बाजूला ठेवला आणि बोलत राहिले. टाका कसा धरायचा, सुई कुठून काढायची, आईचा हात कसा चालायचा, सगळं. तनुजा वैतागली. "आजी, एकदाच सगळं टाकून दे माया डोक्यात. मंग रोजची कटकट तं मिटन."

मी म्हटलं, घे. सगळं घे. मला तेच हवंय.

तिनं दोरा दातानं तोडला. रफू वाईटच झालं. बैठक छान झाली.

१९ नोव्हेंबर

आज आनंदाचं लिहायचं आहे.

तनुजा शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि न सांगता सतरंजीवर बसली. सुईत दोरा एका फटक्यात. गाठ बोटावर फिरवून, अगदी आईसारखी. आणि टाके. बारीक, सारखे, दोन्ही बाजूंनी एक. दिवेलागणीपर्यंत पूर्ण एक कड झाली. मी आ वासून पाहत राहिले. मंजुषा चहा घेऊन आली आणि चहा हातातच ठेवून उभी राहिली.

विचारलं, कसं जमलं गं. ती म्हणाली, काय माईत, हाताले समजून गेलं.

हाताला समजणं, हेच तर मी सांगत होते. मी शिकवू शकते. भाषणानंही शिकवता येतं.

२२ नोव्हेंबर

दोन गोष्टी. एक, तनुजाची गोधडी झपाट्यानं वाढते आहे. शाळेआधी बसते, शाळेनंतर बसते. कबड्डीला गेली नाही. सर घरी विचारायला आले तर म्हणाली, पाय दुखतो. पाय दुखत नव्हता.

दुसरी. आज तिचे टाके उन्हात धरून पाहिले. प्रत्येक टाका किंचित उजवीकडे कललेला. माझा तसा पडतो, कारण लहानपणी माझी तर्जनी विळ्यावर गेली आणि ती सरळ वाकत नाही. तनुजाची बोटं धड आहेत. पण शिवताना ती तर्जनी ताठ ठेवते.

मग मी स्वतः शिवायला बसले, तर सुई नीट धरता येईना. थंडीनं असेल. हर्षलला म्हटलं, बाळा, पेटीतून ते आण. ते, बोटात घालायचं, पितळेचं, सुई टोचू नये म्हणून. शब्द आठवेना. त्यानं काय काय आणलं. शेवटी तनुजा मान वर न करता म्हणाली, अंगुस्तान.

२५ नोव्हेंबर

तुकडे लावताना तनुजा बोलत होती. हा सासूबाईंच्या लुगड्याचा. हा हिरवा आईचा. हे नेसून आई मालेगावच्या बाजारात जायची. त्या बाजारात मी हरवले होते, बांगडीवाल्याच्या पथारीखाली झोपून गेले होते, आणि आईनं मला मारलं नाही, नुसतं घट्ट धरून ठेवलं.

बाजारात मी हरवले होते. साधना. तनुजा नाही. आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही, गणेशलाही नाही.

शिवाय तिचं बोलणं. जायची, हरवले होते. या घरात असं कुणी बोलत नाही. असं मी बोलते.

मी तिला म्हटलं, तुला कुणी सांगितलं. ती माझ्याकडे पाहून हसली. तोंड मिटून. घोड्याचं हसू नाही.

२८ नोव्हेंबर

वाशीमला डॉक्टरांकडे नेलं मला. तिला नाही, मला. कारण मी सकाळी साडीच्या निऱ्या घालू शकले नाही आणि मंजुषाला हाक मारावी लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळ्यांत उजेड मारला. या वयात विसरायला होतं, असं गणेशला सांगितलं. मला नाही. मी समोर बसले होते.

येताना गाडीत मी गणेशला म्हटलं, मी विसरत नाही, माझ्याकडून जातंय, आणि ते कुठं जातंय ते मला दिसतंय. त्यानं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. "आई, पोट्टी शिकली ना. तुयंच तं म्हननं होतं."

माझंच म्हणणं होतं. चाळीस वर्षं माझं म्हणणं लोकांनी ऐकलं. आता पहिल्यांदा खरं काहीतरी सांगायचं आहे आणि समोरचा माणूस थोपटतो.

३० नोव्हेंबर, रविवार

मंगरूळपीरला महिला मेळावा. मी मुख्य वक्ता. महिन्यापूर्वी बोलावणं आलं होतं, तेव्हा मी अमरावतीत होते आणि माझी मी होते. घरचे सगळे पुढच्या रांगेत. मंडप भरलेला, बाहेर ऊन.

उभी राहिले. माझं पहिलं वाक्य मला झोपेतही येतं. तोंड उघडलं आणि तिथं काहीच नव्हतं. घशात नाही, डोक्यात नाही. भांडं घासून पालथं घातल्यासारखं. बायका वाट पाहत होत्या. पुढच्या रांगेत तनुजाचे ओठ हलत होते.

मग ती उठली. स्टेजवर आली, माझ्या हातातून माईक अलगद घेतला आणि बोलू लागली. माझं वाक्य. माझा थांबा. थांब्यानंतर डावा हात कमरेवर. मजुरीवर बोलली, हातांच्या विद्येवर बोलली, हुंड्यात जळालेल्या माझ्या मैत्रिणीवर बोलली. तिचं नाव घेताना आवाज जिथं फाटायचा तिथंच फाटला. मंडपात बायका डोळे पुसत होत्या. आयोजक बाई मला मिठी मारून म्हणाल्या, तुम्ही धन्य आहात, वारसा यालाच म्हणतात.

सगळे म्हणाले, आजीवर गेली पोट्टी.

मी खुर्चीत बसले होते. ओरडायचं होतं. ओरडण्याचा शब्दही तीच बोलत होती.

२ डिसेंबर

दुपारी. मंजुषा पालक धूत होती. तनुजा दारात उभी राहून म्हणाली, सूनबाई, पाणी जरा बेतानं.

मंजुषा हसली. नक्कल वाटली तिला. पोट्टीला नकला येतातच. मग तनुजानं गणेशच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, बाळा, वाळलास रे. तोही हसला. पण नंतर त्यानं तो हात धरून बाजूला केला.

फक्त हर्षल हसला नाही. माझ्याजवळ येऊन बसला, ज्याला मी दिसले की विहीर आठवते तो. "आजी, ताई कुठी गेली?"

मी म्हटलं, ती काय समोर.

म्हणाला, "ते ताई नोय. ताईनं मले दोन दिसापासून मारलं नाई."

४ डिसेंबर

तीच साडी काढली. खांद्याजवळचं रफू. त्या दिवशी वाईट होतं, वेडंवाकडं. आता सापडेना, इतकं सफाईदार. बोटानं चाचपलं तेव्हा लागलं.

कात्री घेतली. एक टाका कापला.

तनुजा न्हाणीघरात होती. किंचाळली. तिच्या, तिच्या स्वतःच्या आवाजात. आजी वं, दुखते. पोट धरून खाली बसली होती, चेहरा पांढरा. मंजुषानं मला कात्रीसकट पाहिलं.

कात्री काढून घेतली आहे. माझ्याकडून. या घरात.

५ डिसेंबर

विचार करते. उरला आहे तेवढा.

तेव्हा व्यासपीठावर काही झालं नाही. का. तेव्हा शिवणाऱ्या बाईला माझ्याकडून काही नको होतं, आणि मलाही तिला काही द्यायचं नव्हतं. बटण लावलं, गेली. या वेळी एक म्हणाली टाकून दे. दुसरी म्हणाली घे. सगळं घे.

तिनं फक्त शिवणं मागितलं असेल. मी सगळं म्हणाले.

आणि सगळं म्हणजे सगळं. मी तिच्यात उतरते आहे आणि तिला आत जागा नाही. पोलिसात जाणारी, नकला करणारी, हर्षलला मारणारी, तिला कुठं ठेवायचं? एका अंगात दोन बायका मावत नाहीत.

रात्री जेवताना गणेशला हे सांगितलं. तो ताटावरून उठला. म्हणाला, आई, तू पोरीवर जळून राह्यली. तुया जागी तिनं भाषन देल्लं म्हून.

जळून. मी.

आता बोलणारच नाही त्याच्याशी. कुणाशीच.

६ डिसेंबर

दिवसभर बोलले नाही. रागानं.

संध्याकाळी तनुजाच्या हातून चहा सांडला. म्हणाली, अवं माय. आणि फुरफुरली. घोडं. एकदाच. मग इकडंतिकडं पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं.

मी बोलले नाही म्हणून? मी दिलं नाही की तिच्यात जागा होते?

उद्याही नाही बोलणार.

७ डिसेंबर

एक शब्द बोलले नाही. सकाळपासून दातावर दात.

तरी. नाश्त्याला ती गणेशला म्हणाली, शांतपणे, पोहे कालवत: मी बोलले नाही म्हणून? मी दिलं नाही की तिच्यात जागा होते?

काल इथं लिहिलेलं. तेच. ही वही पेटीत असते, किल्ली माझ्या कमरेला.

म्हणजे लिहिणंही. तोंड काय आणि हे हातातलं काय. शब्द काढला की तिकडं.

मग हे शेवटचं. हे एवढं जाईल तिच्यात. जाऊ दे. यानंतर नाही. बोलल्याशिवाय मी कोण आहे मला माहीत नाही, पण ती कोण आहे ते मला माहीत आहे. ती

१६ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. पण —

बोलले नाही. लिहिलं नाही. इतके दिवस. गणेश कुणाला तरी आणतो म्हणतो, ते, डोळ्यांत उजेड मारणारे. आणू दे. मंजुषा केस विंचरून देते. बिचारी.

पहिले दोन दिवस काही नाही. मग तिनं सुई खाली ठेवली. मग गोधडी घडी करून कोपऱ्यात. मग एकदा कबड्डीला गेली. गुडघा फोडून आली. मी त्या रक्ताकडं पाहत बसले, असं की —

आज. आज मंजुषानं भजी केली. पालकाची. शेवटच्या भज्यावरून दोघं भांडली. काहून बे, तुयाच बापाचे हाएत का, असं ती म्हणाली. बाप एकच. हर्षलला पाठीत धपका. तो मार खाऊन नाचला ओट्यावर. ताई आली, ताई आली. मंजुषा हसत होती आणि डोळे पदराला. तिलाही कळलं होतं तर. सगळ्यांना कळलं होतं.

मग ती माझ्यापाशी आली. तेलकट हात माझ्या गालाला. आजी, तू काहून बोलत नाईस, राग आला का वं मायावर.

मी मान हलवली. नाही.

चांगलं काही घडलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही असं आयुष्यात कधी — म्हणून. कुणालाच नाही, फक्त इथं. चार ओळी. चार ओळींनी काय —

बाहेर गप्प झालं.

हर्षल विचारतो, ताई, काय झालं वं.

ती म्हणते, लिहायचं नव्हतं. पण.

ती म्हणते, बोलले नाही, लिहिलं नाही, इतके दिवस.

माझ्या आवाजात. ओळीमागून ओळ. हर्षल रडतो. ताई नोको. ताई नोको करू वं. ती थांबत नाही. गुडघ्यापर्यंत आली. भज्यांपर्यंत. मी थांबले की थांबेल. मी पुढं, ती मागं. ती इथवर पोचायच्या आत —

खाली ठेवायचं. हे हातातलं. सांगून नाही, समजावून नाही, शेवटचं एक वाक्य म्हणूनही नाही. पुरं केलेलं तिच्यात जातं. अर्धं राहील तेवढी जागा तिची. म्हणून मी हे